तीन पिढ्यांचा कागद: परिचारिकेने आनुवंशिक आजार कसा ओळखावा, लिहावा आणि सांगावा

इंदूरमध्ये नर्सिंग करताना आनुवंशिकता हा विषय पहिल्या वर्षाच्या वहीत राहत नाही, तो रोज वॉर्डात समोर येतो. झाबुआ, आलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन या भागांतून हातपाय दुखून तळमळणारी सिकलसेलची (लाल पेशी वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) मुलं उपचारांसाठी इंदूरलाच येतात. फाळणीनंतर इथे स्थायिक झालेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहकांचं, म्हणजे दोषाचं एकच जनुक असून स्वतः आजारी नसलेल्यांचं, प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. ती सरासरीच साधारण ३ ते ४ टक्के धरली जाते. आणि आपल्या मराठी घरांत, विशेषतः मागच्या पिढीत, मामेबहिणीशी लग्न झालेली जोडपी आहेत. विदर्भातून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांतही सिकलसेल सापडतो. 'हा आदिवासींचा आजार' असं म्हणून ते नाव मनातून काढून टाकू नका.

घरच्या मंडळींशी सर्वांत जास्त बोलणं आपलं होतं. राउंडला डॉक्टर पाच मिनिटं थांबतात. सलाइन लावताना, अंग पुसताना, रात्री दोन वाजता ताप बघताना आपण तिथे असतो. 'माझा भाऊ पण असाच गेला' हे वाक्य आई त्याच वेळी बोलते, राउंडला नाही. ते वाक्य कागदावर आलं नाही तर पुढच्या सगळ्या तपासण्या उशिरा होतात. म्हणून हा लेख मुख्यतः त्या कागदाबद्दल, म्हणजे घरातल्या तीन पिढ्यांच्या आजारांच्या तक्त्याबद्दल आहे.

कान कुठे टवकारायचे

लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही. एकाच घरात दोघांना तोच आजार आहे. गर्भपात वारंवार झाले आहेत, किंवा बाळं वर्षाच्या आत गेली आहेत. दात काढल्यावर किंवा सुंता केल्यावर रक्त थांबलं नव्हतं. स्तनाचा कर्करोग पन्नाशीच्या आत, हृदयविकाराचा झटका चाळिशीच्या आसपास. भूल दिल्यावर घरातल्या कोणाला जबर त्रास झाला होता. नवरा-बायकोचं लग्नाआधीपासून नातं आहे. यांतलं एक जरी कानावर आलं तरी पुढची पायरी घ्यायची.

लोहाच्या गोळ्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ओपीडीत सर्वांत जास्त निसटतं ते इथेच. रिपोर्टमध्ये एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली आणि एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आहे, पण लाल पेशींची संख्या मात्र भरपूर आहे, असं दिसलं की एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने (दशलक्षात) भागून बघा. उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे थॅलेसेमियाची वाहक असल्याचा, संशय घ्यायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. हा नुसता इशारा आहे, निदान नव्हे. पण अशा बाईला फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) न बघता वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देत राहणं चूक आहे. लोह खरोखर कमी असेल तर ते द्यायचंच. वाहक असली म्हणून लोह बंद, असंही नाही.

तीन पिढ्यांचा तक्ता काढणं

कोरा कागद आडवा धरा. पुरुष म्हणजे चौकोन, स्त्री म्हणजे वर्तुळ. आजार असलेला आकार भरीव करायचा, वाहक अर्धा भरायचा किंवा मध्ये ठिपका द्यायचा. वारलेल्या व्यक्तीवर तिरकी रेघ, गर्भपाताला लहान त्रिकोण. नवरा-बायको आडव्या रेघेने जोडायचे. ते नात्यातले असतील तर दोन समांतर रेघा. ज्या रुग्णामुळे हे सगळं सुरू झालं त्याच्याकडे बाण. पिढ्यांना डावीकडे रोमन आकडे घालायचे, सर्वांत जुनी पिढी वर. खाली तारीख, माहिती कोणी दिली त्याचं नातं आणि आपली सही. ही चिन्हं सगळीकडे चालतात, त्यामुळे पेशंट पुढे मुंबईला किंवा दिल्लीला गेला तरी तिथे हा कागद वाचता येतो.

काढण्यापेक्षा विचारणं अवघड. 'घरात कोणाला आनुवंशिक आजार आहे का?' असं विचारलंत तर उत्तर 'नाही' येणार. लोकांना आजाराचं नाव माहीत नसतं, त्याची हकीगत माहीत असते. म्हणून एकेका माणसावर थांबा: तुमचे वडील आहेत का? कशाने गेले? तेव्हा वय काय होतं? त्यांना कधी रक्त चढवलं होतं का?

मुलांबद्दल विचारताना आधी 'एकूण किती वेळा दिवस राहिले?' असं विचारा आणि मग 'आज किती मुलं आहेत?' दोन आकड्यांत फरक निघाला की तिथे हळुवारपणे थांबायचं. गेलेलं बाळ कुटुंब मोजत नाही, पण तक्त्यात त्याची जागा असतेच.

हिंदी, माळवी किंवा निमाडी बोलणाऱ्या कुटुंबात 'मेरा भाई' म्हणजे सख्खाही असतो आणि चुलत, मामे, मावसही. 'एक ही माँ से?' हे प्रत्येक वेळी विचारून घ्या. मराठीतही 'आमचे काका' म्हणजे शेजारचे काका असू शकतात. मामा, मावशी, काका, आत्या अशा चारही बाजू वेगवेगळ्या लिहायच्या, कारण पुढे वारशाची रीत ओळखताना सगळा भार यावरच पडतो. स्तनाच्या कर्करोगात तर ही चूक फार होते: आई आणि मावशीची चौकशी होते, आत्याची कोणी करत नाही. या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. वडील निरोगी असले आणि आत्या पंचेचाळिशीत गेली असली तर तीच महत्त्वाची खूण आहे.

नात्यातल्या लग्नाबद्दल विचारताना आवाजात आरोप नको. 'लग्नाआधी तुमच्या दोन घरांचं काही नातं होतं का?' एवढंच पुरे. मामेबहीण-आतेभाऊ यांच्यात सरासरीने आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात. म्हणून एरवी लपून राहिलेला दोष दोन्हीकडून एकाच बाळात येण्याची शक्यता वाढते. वाढते इतकंच, अशा बहुतेक जोडप्यांची मुलं निरोगीच असतात, आणि हेही त्यांना सांगायचं.

सासूबाई शेजारी बसल्या असताना सून माहेरचं खरं सांगत नाही. रक्तदाब बघायला म्हणून तिला बाजूला घ्या आणि मग विचारा.

तक्ता वाचणं

आजार आडव्या ओळीत, म्हणजे भावंडांतच दिसतो, आईवडील निरोगी आहेत, मुलगे आणि मुली दोघांनाही आहे: अप्रभावी वारसा, म्हणजे दोष आईवडील दोघांकडून आला तरच आजार. सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया यातच मोडतात. दोघांचं मूळ ११ व्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिनच्या जनुकात आहे. सिकलसेलमध्ये साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्याशा बदलाने ऑक्सिजन कमी पडताच लाल पेशी कोयत्यासारखी वाकते आणि बारीक वाहिन्यांत अडकते.

आजार उभ्या ओळीत, प्रत्येक पिढीत दिसतो: प्रभावी वारसा, म्हणजे एकाकडून आलेला दोषही पुरतो. मारफान (शरीराच्या जोडऊतींचा आजार), हंटिंग्टन (मेंदूचा आजार), घराण्यात चालत आलेलं जास्त कोलेस्टेरॉल ही उदाहरणं. प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. मात्र एकाच घरात एकाला सौम्य आणि दुसऱ्याला तीव्र आजार असू शकतो, आणि कधी कुठलाच इतिहास नसताना तो नव्याने उद्भवतो. अकाँड्रोप्लेशियाची (हाडं खुंटून उंची कमी राहण्याचा आजार) बहुतेक मुलं सामान्य उंचीच्या आईवडिलांना होतात.

फक्त मुलगे आजारी, आणि दुवा नेहमी आईकडून, म्हणजे मामाला किंवा मावसभावाला तोच आजार: एक्स गुणसूत्राचा वारसा. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), डुशेन (स्नायू झिजण्याचा आजार), जी६पीडी या लाल पेशींतल्या एन्झाइमची कमतरता. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची निम्मी शक्यता, प्रत्येक मुलीला वाहक होण्याची निम्मी शक्यता. हिमोफिलिया असलेल्या बापाच्या सगळ्या मुली वाहक असतात आणि मुलगे त्याच्याकडून आजार घेत नाहीत. बापाकडून मुलाकडे आजार गेलेला दिसला तर एक्सचा विचार सोडून द्या. इतिहास कोरा असला तरी हिमोफिलिया नाकारू नका. जवळपास एक तृतीयांश रुग्णांत तो नव्याने झालेला असतो.

आईकडून सगळ्या मुलांना, पण मुलग्यांकडून पुढे कोणालाच नाही: पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा वारसा. हा विरळ आहे, पण आपल्या कामाशी याचा थेट संबंध एका ठिकाणी येतो. काही घरांत जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनंतर आईकडच्या नातेवाइकांना बहिरेपण आल्याची हकीगत असते. ती ऐकली तर डोस भरण्याआधी डॉक्टरांना सांगा.

मधुमेह, उच्च रक्तदाब, दुभंगलेला ओठ, मज्जारज्जूतले जन्मदोष यांत जनुकं आणि परिस्थिती दोन्ही मिसळलेली असतात, तिथे तक्त्यावरून नेमका आकडा सांगता येत नाही. डाउन सिंड्रोम बहुतेक वेळा वारशाने येत नाही. पण थोड्या घरांत गुणसूत्राचा तुकडा जागा बदलून बसलेला असतो, म्हणून बाळाचा कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) झाल्याशिवाय 'पुढच्या वेळी काही होणार नाही' असं धीर देण्यापुरतंही म्हणू नका.

नमुना घेताना

एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) आणि डीएनए तपासणीसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी. कॅरिओटाइपसाठी हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी, कारण तिथे पेशी जिवंत हव्या असतात; हा नमुना गोठवायचा नाही. नळी चुकली की खेड्यावरून आलेल्या माणसाची एक फेरी वाया जाते आणि पुष्कळदा तो परत येत नाही.

सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण ती 'सिकल हिमोग्लोबिन आहे' एवढंच सांगते. वाहक की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही; त्यासाठी एचपीएलसी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने सोल्युबिलिटी चाचणीवर विसंबू नये. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ते फॉर्मवर ठळक लिहा, नाहीतर रक्तदात्याचं हिमोग्लोबिन आपण रुग्णाचं म्हणून वाचतो. एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर थॅलेसेमिया मायनर. मात्र लोहाची मोठी कमतरता असेल तर हा आकडा खोटा खाली येऊ शकतो. जी६पीडीची चाचणी रक्तपेशी नुकत्याच फुटलेल्या असताना केली तर चुकून नॉर्मल येते, कारण त्या वेळी रक्तात नव्या पेशीच जास्त असतात. ती काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते.

जोडप्याला सांगताना

मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट आहे. तपासणी झालेल्यांना कार्ड मिळतं. कार्ड घेऊन आलेल्या तरुणाला त्यावरच्या अक्षरांचा अर्थ समजावून सांगण्याचं काम बहुतेक वेळा आपल्याच वाट्याला येतं, आणि ते नीट झालं नाही तर कार्ड पेटीच्या तळाशी जातं.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता २५ टक्के, वाहक बाळाची ५० टक्के, दोष अजिबात न आलेल्या बाळाची २५ टक्के. हे आकडे ऐकून लोक हमखास एक चुकीचा हिशेब करतात: 'चारात एक आजारी, आमचं पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली.' इथे दोघांच्या हातात एकेक नाणं द्या. छापा म्हणजे निरोगी जनुक, काटा म्हणजे दोषाचं. दोघांनी एकदम उडवायचं. दोन्ही काटे पडले तर बाळाला आजार. पाच-सहा वेळा उडवू द्या. आधी काय पडलं हे नाणं लक्षात ठेवत नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. माझ्या मते कुठल्याही चार्टपेक्षा हे लवकर पटतं, विशेषतः ज्यांना टक्केवारीची सवय नाही त्यांना.

रुग्णाच्या निरोगी बहिणीचं लग्न ठरत असेल तर तिची तपासणी आवर्जून सुचवा. आईवडील दोघे वाहक आणि ती स्वतः आजारी नाही, म्हणजे ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. तिने वाहकाशीच लग्न केलं तर आजारी बाळाची शक्यता तीनात दोन गुणिले चारात एक, म्हणजे सहात एक. तपासणीनंतर ती वाहक नाही असं निघालं तर हा प्रश्नच मिटतो.

'आम्ही जातीबाहेर लग्न केलंय, मग कसली भीती?' हेही ऐकू येतं. एकाकडे सिकलसेलचा दोष आणि दुसरीकडे थॅलेसेमियाचा, अशी जोडी जमली तरी चारात एक शक्यतेने बाळाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो, आणि तो पुष्कळदा सिकलसेल इतकाच तीव्र असतो. इंदूरसारख्या शहरात, जिथे कॉलेज आणि नोकरीत सगळे समाज एकत्र येतात, ही जोडी आता कल्पनेतली नाही. म्हणून दोघांचीही एचपीएलसी, नुसती सिकलची चाचणी नाही.

आणि दोष सुनेवर येऊ देऊ नका. अप्रभावी आजारात दोन्ही घरांचा वाटा अगदी बरोबरीचा असतो. हे नवऱ्यासमोर आणि सासूसमोर, दोघांनाही समजेल अशा भाषेत, स्पष्ट बोलायचं. एक्सच्या आजारात तर बहुतेक वेळा आई वाहक असते, तिथे घाव थेट तिच्यावर बसतो. तिला सांगा की हे जनुक तिने निवडलेलं नाही, तिच्या खाण्यापिण्याने किंवा ग्रहणात बाहेर पडल्याने हे घडलेलं नाही. वाहक म्हणजे रुग्ण नाही, त्याने लग्न करू नये असं नाही, त्याचं उष्टं खाल्ल्याने काही होत नाही. ही वाक्यं आपल्याला साधी वाटतात, पण घरात ती कोणीतरी अधिकाराने म्हणावी लागतात, आणि गणवेशातल्या सिस्टरचा शब्द घरात चालतो.

काय करायचं हे मात्र आपण ठरवायचं नाही. तपासणी करावी, मूल होऊ द्यावं, न द्यावं, हा निर्णय त्या दोघांचा. आपण माहिती पुरी द्यायची आणि निर्णयानंतरही तितक्याच आपुलकीने सेवा करायची.

गरोदरपणात वेळ हातची जाऊ नये

पहिल्या भेटीतच हिमोग्लोबिनोपॅथीची, म्हणजे सिकलसेल आणि थॅलेसेमियासारख्या हिमोग्लोबिनच्या आजारांची, तपासणी व्हावी. बाई वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याचं रक्त घ्या, शक्यतो त्याच दिवशी. तो पीथमपूरला कारखान्यात पाळीवर असेल, गुजरातेत मजुरीला गेला असेल, तर लगेच फोन लावायला सांगा. दोघे वाहक असतील तर कोरिऑन व्हिलसची (वारेच्या पेशींची) तपासणी साधारण ११ ते १४ आठवड्यांत होते, गर्भजलाची १५-१६ आठवड्यांनंतर. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो आधी सांगायचा. आई आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन लक्षात ठेवा.

गर्भलिंग निदानाच्या १९९४ च्या कायद्याने गर्भातल्या आनुवंशिक आजारांच्या तपासणीला परवानगी दिली आहे, पण नोंदणीकृत केंद्रातच, आणि बाईला समजेल अशा भाषेत लेखी संमती घेऊन. लिंग शब्दाने, खुणेने, कशानेही सांगायचं नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताची कायद्याने मुभा आहे. तरीही लवकर कळणं बाईच्या शरीराला आणि मनाला किती सोपं जातं, हे लेबर रूममध्ये काम केलेल्यांना सांगायला नको.

तक्त्यामुळे हातातलं काम कुठे बदलतं

लेबर रूममध्ये सर्वांत मोठा बदल हिमोफिलियाचा. आई वाहक असेल किंवा मामाला आजार असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. बाळ ओढून काढायचे व्हॅक्यूम आणि चिमटे टाळायचे असतात, नाळेच्या रक्तातून फॅक्टरची (रक्त गोठवणाऱ्या घटकाची) तपासणी होते, आणि आपण सवयीने मांडीत देतो ते व्हिटॅमिन के डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. पुढे या मुलाला स्नायूत इंजेक्शन नको, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको. लस द्यायची तर बारीक सुईने, जिथे चालेल तिथे त्वचेखाली, आणि नंतर न चोळता किमान पाच मिनिटं दाबून धरायचं.

जी६पीडी कमी असलेल्या मुलाच्या कावीळीत कपड्यांची चौकशी करा. बाळाची दुपटी डांबरगोळ्या घातलेल्या ट्रंकेतून काढलेली असतात, आणि त्या वासानेही लाल पेशी फुटू शकतात. मलेरियात प्रायमाक्विन सुरू करण्याआधी घरात कोणाला गोळीनंतर काळपट लघवी झाली होती का, हे विचारा. सुरू केल्यावर लघवीचा रंग रोज बघायला सांगा.

सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेच्या झटक्यात ऊब द्या, बर्फ नको. भरपूर पाणी किंवा सलाइन, आणि वेदनाशामक वेळेवर. 'हा नेहमीच ओरडतो' असं म्हणून डोस लांबवणं अन्याय आहे. ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर ती तातडी समजायची. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आईला पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस का हवी ते सांगा, आणि प्लीहा हाताने कशी चाचपायची ते तिच्याच हाताने करवून घ्या. अचानक पोट फुगलं आणि मूल पांढरं पडलं तर वाट न बघता निघायचं, हे तिला पाठ हवं.

नोंद आणि गोपनीयता

तक्ता रुग्णाच्या फाइलमध्ये राहतो, नोटीस बोर्डावर किंवा वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. बहिणीचा रिपोर्ट भावाला, सुनेचा सासऱ्याला, तिच्या परवानगीशिवाय द्यायचा नाही. तपासणीत कधीकधी मुलाचं जैविक नातं वेगळंच असल्याचं उघड होतं. तसं वाटलं तर कोणाशीही चर्चा न करता फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकांतात सांगा. आणि 'तुमच्या भावंडांनाही तपासून घ्या' हे डिस्चार्जच्या कागदावर लेखी द्या: कोणाची, कुठली तपासणी, कुठे, आणि केव्हापर्यंत. पुढच्या भेटीला तोच तक्ता काढून त्यात नवी माहिती, नवी तारीख घालायची. मागच्या वेळी नुसता चौकोन होता तिथे आता अर्धा भरलेला चौकोन येईल.